वेटिंग रूममधली चित्रं

आमच्या गावच्या जुन्या स्टेशनाचं कलादालन होऊन वर्ष झालं. चित्रं कधीच भिंतींवर लागली, पण त्या कामाचे किस्से काही संपत नाहीत. चहाला बसलो की कोणीतरी सुरू करतंच. मी इथल्या शाळेतली चित्रकलेची बाई, त्यामुळे पहिल्यापासून या भानगडीत.

*

आर्किटेक्ट मेघाताई अकोल्याहून यायच्या. मागे नवा हॉल काढायचा, तर मधोमध कडुनिंब. ताईंनी झाड ठेवलं आणि भिंतच वळवली. आमचे गवंडी शंकरभाऊ नाराज झाले. लोक वाकडी भिंत पाहून नावं आपल्यालाच ठेवतील, म्हणाले. आता जो येतो तो त्या भिंतीपाशी फोटो काढतो. परवा शंकरभाऊ सासरच्या माणसांना घेऊन आले आणि चित्रं सोडून तासभर भिंतच दाखवत बसले.

*

जुन्या छपराला नवे कवेलू, म्हणजे कौलं, रंगाने जुळेनात. गावात स्लॅब टाकलेल्या घरांमागे जुने कवेलू रचून ठेवलेले होते. आम्ही नुसता विषय काढला, तर लोक बैलगाडीतून घेऊन आले. कोणी पैशाचं नावही काढलं नाही. शेजारच्या आशाबाई अजून येतात आणि मान वर करूनच फिरतात.

"मॅडम, माहे कवेलू कोणते हो?"

मी एक कोपरा दाखवते. दर वेळी वेगळा. त्या खूश होऊन जातात.

*

तिकिटाची खिडकी ताईंनी होती तशीच ठेवली. तिथे चित्रांची माहिती द्यायला माणूस बसतो. एका आजोबांनी आत हात घालून अकोल्याचं तिकीट मागितलं. गाडी बंद झाली, आता आत चित्रं आहेत, असं त्याने समजावलं. आजोबांनी हात काही मागे घेतला नाही.

"मंग चित्राचं द्या."

*

उद्घाटनाचा दिवस मात्र आम्ही शेवटीच सांगतो. पाहुण्यांची गाडी डोणगावजवळ बिघडली. सगळं गाव खोळंबलं. शेवटी मेघाताईंनी गयाबाईंना पुढे बोलावलं. गाड्या होत्या तोवर गयाबाई प्लॅटफॉर्मवर पेरू विकायच्या. वेटिंग रूम साहेब लोकांची, तिथे त्यांना कधी कोणी पाय ठेवू दिला नव्हता. आता तेच आमचं पहिलं दालन.

गयाबाईंनी फीत कापली, चपला बाहेर काढल्या, आत गेल्या आणि जुन्या लाकडी बाकावर बसल्या. मागच्या हॉलमध्येही चित्रं आहेत, चला, असं मी म्हटलं.

"तू जाय बाई. मले जरासक बसू दे."

त्या उठेपर्यंत आम्ही सगळे प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो.