डब्यातली पाल आणि मुकुटबनची विहीर

स्वयंपाकघरात पाल दिसली की मी बाहेर येते आणि ती जाईपर्यंत चहासुद्धा करत नाही. अशा बाईने पालीसाठी पुण्याहून थेट यवतमाळ जिल्हा गाठावा, यावर आमच्या सोसायटीतल्या मैत्रिणी आठवडाभर हसत होत्या. पण माझी मुलगी मुक्ता पालींवर पीएच.डी. करते, तिच्याबरोबर रानात जाणारी मैत्रीण ऐनवेळी आजारी पडली आणि एकटीने जायचं नाही असा नियम. नवरा म्हणाला, "मी जातो." मला ते पटलं नाही. बापलेकीपैकी एकालाही वेळेवर जेवायची अक्कल नाही. मीच बॅग भरली.

नागपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे हैदराबादच्या रस्त्याने एसटी. फाल्गुन चालू होता. दोन्ही बाजूंचे पळस असे पेटलेले की मी खिडकीची जागा मुक्ताला दिलीच नाही. पांढरकवड्याला उतरून, ट्रकवाल्यांच्या घोळक्यात उभं राहून तर्रीपोहे (रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. रस्सा इतका झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून "अजून थोडा घाला" एकदमच निघालं.

मुकुटबनच्या गाडीत मुक्ताने मला तिचा प्रश्न सांगितला. तिची पाल घरातली नव्हे, दगडांच्या फटीत राहणारी. वर्धा नदीकडच्या टेकड्यांवर ती सापडते, पैनगंगेच्या पलीकडेही सापडते. दिसायला दोन्ही अगदी सारख्या. पण शेपटीचा चिमूटभर तुकडा घेऊन त्यातला डीएनए वाचला, तर दोघींमध्ये खूप फरक. मग त्या कधी वेगळ्या झाल्या, कशामुळे झाल्या? हे सांगायला मधल्या भागातली पाल हवी होती, आणि ती कुणालाच मिळाली नव्हती.

"नाही मिळाली तर?" मी विचारलं.

"सर म्हणालेत, मग प्रबंधातलं हे प्रकरणच काढून टाक. वनखात्याची परवानगीही याच महिन्यापुरती आहे." ती खिडकीकडे बघत म्हणाली. चार वर्षं मी तिला या प्रकरणासाठी राबताना पाहत होते.

मुकुटबनजवळच्या एका वस्तीत बेबीताई आणि देवराव यांच्याकडे आमची सोय झाली होती. कापूस आणि तुरीची शेती, शेणाने सारवलेलं लखलखीत अंगण. बेबीताईंनी पाणी देता देताच विचारलं, "कायले आल्या जी एवढ्या दूर?"

मुक्ताने सांगितलं. बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"पालीसाठी?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरी लय हायेत. न्या ना तुमी."

पुढचे दोन दिवस आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर दगड उलटवत हिंडलो. म्हणजे मुक्ता उलटवायची आणि मी दहा पावलं मागे उभी राहून "सापडली का?" विचारायची. विंचू सापडले, सापसुरळी सापडली, रंगीत गळा फुगवून ऐट करणारा एक देखणा सरडा तर आमच्यासमोर बराच वेळ नाचला. पाल मात्र नाही. संध्याकाळी बेबीताईंनी पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा केला, वरून भरपूर सांबार (कोथिंबीर) घातला. मी दोनदा मागून घेतला. मुक्ता नुसती भाकरी कुस्करत बसली.

"पोरगी काहून जेवून नाही राह्यली?" बेबीताई मला हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, "पाल मिळाली नाही ना, म्हणून." एवढंच बोलले. त्याचा काय परिणाम होणार आहे याची मला कल्पना नव्हती.

सकाळी दार उघडलं तर अंगणात डबे. स्टीलचे, पितळेचे, लोणच्याच्या बरण्या, एक टिफिनसुद्धा. बेबीताईंनी रात्रीतून घरोघर निरोप धाडला होता की पाहुण्यांना पाल पाहिजे. पाहुण्यांना उन्हात हिंडावं लागावं हे गावाला बरं वाटलं नव्हतं. बायांनी पहाटेच पाली पकडल्या, डबे आमच्या दारात ठेवले आणि त्या हरभरा काढायला निघून गेल्या.

मी तत्काळ बाजेवर चढले आणि तिथूनच पाहत राहिले. मुक्ता एकेक झाकण उघडू लागली. घरपाल, घरपाल, पुन्हा घरपाल. सुटलेली प्रत्येक पाल बेबीताईंच्याच भिंतीवर चढत होती, आणि देवराव शांतपणे चहा पीत म्हणाले, "आता सारं गाव आपल्याच घरी राह्यते म्हना."

मग मुक्ता एका डब्यापाशी थांबली. "आई, हीच," ती म्हणाली. अंगावर खरखरीत दाणे, पाठीवर गडद ठिपके. मीही बाजेवरून वाकून पाहिलं. आनंदाने मी टाळी वाजवणार, तर मुक्ताने झाकण परत लावलं.

"कुठली आहे ही? कुणी आणली? जागा माहीत नसेल तर हिचा काही उपयोग नाही."

तो डबा कुणी ठेवला हे बेबीताईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पाल माठाजवळच्या रिकाम्या बरणीत घालायला लावली आणि डबा पालथा केला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तशी यावरही नावं होती. वर कोरलेलं: इंदूकडून बेबीला सप्रेम भेट. त्याखाली, वेगळ्या हाताचं: बेबीकडून सुमनच्या लेकीस.

"इंदू मायी नणंद, उमरखेडले देल्ली," बेबीताई म्हणाल्या. "तिनं मले देला. म्या सुमनच्या पोरीच्या लग्नात देला. चला सुमनकडं."

मुक्ता डब्याकडे बघत हसायला लागली. "आई, माझं काम हेच आहे. डीएनएचा एक भाग फक्त आईकडून येतो, लेकीकडून पुढे जातो. जाता जाता त्यात बारीक फरक कोरले जातात. ते वाचले की कळतं, कोण कुठल्या घरातून निघालं." चार वर्षांत पहिल्यांदा मला तिचं काम खरोखर समजलं, आणि तेही एका डब्याच्या बुडावर.

सुमनबाई हरभऱ्याच्या वावरात (शेतात) भेटल्या. त्यांनी डबा पाहिला. "डबा माया पोरीचाच. पन पाल मायी नाही. ह्या डब्यात म्या गंगूबाईले वडे धाडले होते."

गंगूबाईंचं घर वस्तीच्या टोकाला. त्या पोपटाचे (वालाचे) दाणे सोलत बसल्या होत्या. मुक्ताने डबा पुढे केला तशा त्या म्हणाल्या, "सुमनचा डबा लय दिवसापासून राह्यला होता. रिकामा कसा परत द्याव? बरं नाही दिसत. तुमाले पाल पाह्यजे म्हनून मंग पालच घातली."

"पकडली कुठे?"

"इहिरीवर."

विहीर त्यांच्या वावरात होती, जुनी, दगडांनी बांधलेली. मुक्ताने फटीत बॅटरी मारली आणि मला हाताने जवळ बोलावलं. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. एका फटीत एक, दुसरीत दोन, खाली अजून. टेकडीवर आम्ही ज्यांना शोधत होतो त्या सगळ्या इथे गारव्याला बसल्या होत्या.

मुक्ताने एक अलगद बाहेर काढली. "आई, धर हिला. मला दोन्ही हात लागतील."

मी धरली. डोळे मिटून, पण धरली. ती थंड होती, आणि बोटांत तिचं काळीज धडधडत होतं, माझ्याइतकंच. मुक्ताने शेपटीचं टोक घेतलं, स्पिरिटच्या नळीत टाकलं, जागा टिपून घेतली. पाल विहिरीत परत गेली. मुक्ताने मला अशी मिठी मारली की आम्ही दोघी विहिरीत पडता पडता राहिलो.

त्यानंतर काही महिन्यांनी, पुण्यात, मुक्ता प्रयोगशाळेतून धावत घरी आली. विहिरीतली पाल वर्धेकडचीही नव्हती आणि पैनगंगेपलीकडचीही नव्हती. दोघींपासून फार जुन्या काळी वेगळी झालेली तिची स्वतंत्र शाखा होती. काढून टाकायचं ते प्रकरण आता प्रबंधातलं सर्वांत मोठं झालं होतं.

मी बेबीताईंना फोन लावला. गंगूबाई तिथेच होत्या. मी जमेल तसं सांगितलं, की तुमच्या विहिरीतल्या पाली लाखो वर्षांपासून वेगळ्या आहेत, तशा अजून दुसरीकडे कुठे मिळालेल्या नाहीत.

मग गंगूबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं, बाई. उद्या इहिरीच्या फटी सिमेटनं बुजवाले मिस्त्री बलावला होता. त्याले आता नाही म्हनून सांगतो."

मुक्ता शेजारीच उभी होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि आधी मिस्त्रीचा नंबर मागितला.