दुखतंय म्हणणारा माणूस

मिरजोळ्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट असलेल्या उल्काताई संध्याकाळी घरी आल्या की चहाच्याही आधी टीव्ही लावत. दोन हजार दोन साली रोज साडेसातला एक मालिका लागायची. तिचा लेखक नायकाच्या अगदी हात धुऊन मागे लागला होता. अपघात झाला, तुरुंग झाला, आता टायफॉइड. सोबत बघायला येणारी शेजारची नीरजा डोळे पुसायची. उल्काताई मात्र तो तापाने फणफणला की खुशीत खुर्ची पुढे ओढत.

"त्याचे एवढे हाल बघून तुम्हाला बरं कसं वाटतं हो?" नीरजाने एकदा विचारलंच.

उल्काताईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या छातीत तीन दिवस कळा येत होत्या. विचारलं की म्हणायचे, काही नाही, पित्त झालंय. चौथ्या दिवशी गेले. बावीस वर्षांत कधी कपाळाला हात लावू दिला नाही. हा बघ, दुखतंय म्हणतो, रडतो, जवळ बस म्हणतो. ते ऐकलं की आपण कुणाला तरी हवेसे आहोत असं वाटतं गं."

पुढच्या महिन्यात नायक खडखडीत बरा झाला आणि परदेशी जाऊन मोठा साहेब झाला. नीरजाने आनंदाने शिरा करून आणला. उल्काताईंनी तो खाल्ला, छान झालाय म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मालिका सोडली. साडेसातला भिंतीपलीकडून मालिकेचं गाणं ऐकू यायचं, तेव्हा त्या पडवीत एकट्याच बसलेल्या असत.