चादरीवरची रांग

आमच्या घरी गवत कापायचं मशीन आलं तेव्हाच ते म्हातारं होतं. कुठल्याशा क्लबाचं मैदान मोडीत निघालं, त्यांनी अडगळ बाहेर काढली, आणि आमचे हे ते मशीन हातगाडीवर घालून घेऊन आले. लाल रंग निम्मा उडालेला, एक चाक लंगडं, दांडा तारेने आवळलेला. मी दारातच म्हटलं, "अहो, आपलं गवत ते केवढं! वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद. विळ्याने अर्ध्या दिवसात होतं की."

"विळ्याने कापलेलं आणि मशीनने कापलेलं," हे म्हणाले, "यात हाताने लिहिलेलं आणि छापलेलं एवढा फरक आहे. तुला नाही कळायचा."

हे छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, उलट्या अक्षरांच्या ओळी जुळवायच्या, काम झालं की प्रत्येक खिळा परत लाकडी पेटीतल्या आपापल्या घरात टाकायचा. एकतीस वर्षं हेच. बघावं लागत नसे, हात आपोआप त्या घरावर जायचा. घरातही तसंच. कात्री कुठे, सुई कुठे, दाराची किल्ली कुठे, सगळं ठरलेलं. एकदा मी मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवला, तर ह्यांनी चहात दोन चमचे मीठ घातलं. प्यायले आणि चिडले ते डब्यावर. मला काही बोलले नाहीत.

मशीनचं आणि ह्यांचं मात्र कधी धड पटलं नाही. दोरी ओढायची, ते एकदा खोकायचं आणि गप्प. परत ओढायची. शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. ते कुंपणावर हात टेकून मोजायला लागायचे.

"चौदा... पंधरा... कंपोझिटर, मधली सुट्टी घ्या!"

"हेडमास्तर, तुमच्या शाळेतली कार्टी तरी पहिल्या हाकेला उठायची का?"

"नाही. पण सतराव्याला उठायची!"

अठराव्या वेळेला दोरी तुटली आणि हे मागच्या मागे मेंदीच्या कुंपणात जाऊन बसले. आम्ही दोघांनी मिळून त्यांना उपसून काढलं. हेडमास्तर म्हणाले, "कंपोझिटर नापास." मी पोट धरून हसले. हे तेवढे दोन दिवस माझ्याशी कमी बोलले.

एक दुखणं बरं केलं की मशीन दुसरं काढायचं. प्लग घासून पुसून बसवला की पेट्रोल गळायचं. पेट्रोल थांबवलं की पातं सैल होऊन धडधडायचं. पातं आवळलं की लंगडं चाक निखळून गवतात लोळायचं. सुट्या भागांच्या दुकानात गेलं की दुकानदार म्हणायचा, "हे मॉडेल आता येत नाही." कुणी गेल्याची बातमी द्यावी तसा आवाज. मग हे घरीच काहीतरी करायचे. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या. तो पुठ्ठा जाड आणि चिवट. त्यातून ह्यांनी कार्बोरेटरखाली बसवायची किती पॅकिंगं कापली देवाला माहीत. एकदा मशीन उघडलं तर आत तेलकट अक्षरांत "अगत्याने यावे" दिसलं. मी म्हटलं, "बघा, पेट्रोलसुद्धा आमंत्रण दिल्याशिवाय येत नाही तुमच्याकडे."

मशीन खोलायचं असलं की हे व्हरांड्यात निळ्या पट्ट्यांची जुनी चादर अंथरायचे. काढलेला पहिला भाग डावीकडे, दाराजवळ. मग दुसरा, मग तिसरा, एका ओळीत, मध्ये सारखं अंतर. सगळ्यात शेवटी काढलेला सगळ्यात उजवीकडे. जोडताना उजवीकडून सुरुवात करून डावीकडे यायचं.

"उलटं वाचायचं, बस," हे सांगायचे. "कंपोझिटरला काय कठीण आहे?"

एकच नियम होता. रांगेला हात लावायचा नाही. मी केर काढला तरी चादरीच्या कडेकडेने काढायची.

पण खरं सांगते, त्या काळात ह्यांना रांगेची गरज नव्हती. एकदा मांजर चादरीवरून धावलं, स्प्रिंगा इकडे, वॉशर तिकडे. ह्यांनी सगळं गोळा केलं आणि गुणगुणत गुणगुणत अर्ध्या तासात मशीन जोडून मोकळे. नळाखाली हात धुताना मला म्हणाले, "डोळे मिटून जोडीन." म्हणून रांग ही ह्यांची हौस आहे असंच मी धरून चालले. माझं चुकलं ते इथे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना विसरायला होऊ लागलं. आधी नावं गेली. मग वार गेले. एकदा कोपऱ्यावर ब्रेड आणायला गेले, ते दोन तासांनी परत आले. रिकाम्या हाताने, आणि ब्रेडवालाच हाताला धरून घेऊन आला. मी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी ह्यांना बरेच प्रश्न विचारले. मग ह्यांना बाहेर बसवून मला म्हणाल्या, "ते मशीनचं काम करतात म्हणालात ना? करू दे. हाताला जे येतं ते सगळ्यात शेवटी जातं. ते काम हातात आहे तोवर बरं आहे. ते सुटलं की मात्र..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

म्हणून त्यानंतर मशीन सुरू होऊन लगेच बंद पडायला लागलं तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. देवापुढे दिवा लावताना तसं म्हटलंही. मशीन बिघडलं म्हणून देवाचे आभार मानणारी मी एकटीच असेन.

ह्यांनी चादर अंथरली. पूर्वी हे काम एका सकाळचं होतं. या वेळी सहा दिवस चाललं. एक नट काढायचे, हातात धरून दोन्ही बाजूंनी बघायचे, चादरीवर ठेवायचे, परत एक बोटभर सरकवायचे. "हा ह्याच्या नंतर," असं पुटपुटायचे. मी आतून ऐकायची. घर भरल्यासारखं वाटायचं.

सातव्या दिवशी मुलगी आणि जावई येणार होते, वर्षाने. सकाळी हेडमास्तर ह्यांना केस कापायला घेऊन गेले. मला तासभर मोकळा मिळाला. व्हरांडाभर पेट्रोलचा वास कोंदला होता, आणि चादरीवरचे ते सगळे भाग काळे, चिकट, गवताचा लगदा बसलेले. हे सगळं ह्यांना आता घासत बसावं लागणार. बोटं तर सकाळी वळत नाहीत त्यांची. मला वाटलं, एवढं तरी आपण हलकं करावं. वर पाहुणे यायचे आहेत, व्हरांडाही मोकळा होईल.

मी चादरीचे चार कोपरे उचलले. धुवायचे कपडे उचलतो तसे. सगळे भाग मधोमध घसरले, त्याचा खळकन आवाज झाला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

टबात रॉकेल घेतलं, दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक भाग घासला. नंतर साबणाच्या पाण्यातून काढला. उन्हात वाळवला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळं भरलं. चादरही धुवून दोरीवर टाकली. पितळी भाग तर नव्यासारखे झाले होते. मी स्वतःवर खूश होते.

हे आले. मानेवर बारीक केस चिकटलेले. व्हरांड्यात थांबले.

"चादर कुठे गेली?"

"धुतली. वाळतेय. आणि हे बघा की, काय चकाचक केलंय मी!" मी डब्याचं झाकण उघडलं.

ह्यांनी आत बघितलं. एक स्प्रिंग उचलली, परत ठेवली. आता रागावतील म्हणून मी हसायच्या तयारीत होते.

"रांग?" एवढंच म्हणाले.

"अहो, तुम्हाला कशाला हवी रांग? तुम्ही तर डोळे मिटून जोडता."

हे खुर्चीवर बसले. डबा मांडीवर घेतला. म्हणाले, "डोळे मिटून नाही गं येत आता. मी रांग बघून जोडतो."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. हेडमास्तरांनाही नाही. किती दिवस असं चाललं होतं, कोण जाणे.

पुढचे चार दिवस हे डब्यापुढे बसले. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." ते तिच्याकडे बघून मान हलवायचे आणि परत डब्यात बघायचे. मी बाजूला बसून आठवायला लागले. एवढी वर्षं ह्यांच्या शेजारी बसून पाना दे, पक्कड दे, फडकं दे असं करत आले होते, पण बघितलं कुठे होतं? माझं लक्ष स्वयंपाकघरात, नाहीतर रस्त्यावर. मला एक तेवढं आठवत होतं, पत्रिकेचं पॅकिंग. ते कार्बोरेटरखाली. मी डब्यात शोधलं. साबणाच्या पाण्यात त्याचा लगदा झाला होता. "अगत्याने यावे"मधलं एक अक्षरही उरलं नव्हतं.

"नवीन कापू," मी म्हटलं. "पत्रिका आहेत अजून."

"काप," हे म्हणाले. मी कात्रीने कापलं. भोकं चुकली. परत कापलं.

चौथ्या दिवशी मशीन कसंबसं जोडलं गेलं. डब्यात एक स्प्रिंग आणि दोन वॉशर उरले. ह्यांनी ते तळहातावर घेऊन खूप वेळ बघितलं आणि खिशात टाकले. मशीन गवतावर नेलं. हेडमास्तर कुंपणाशी आले. मी आत देवापुढे जाऊन उभी राहिले. आजवर मी देवाकडे स्वतःसाठी फार काही मागितलं नाही, आणि असल्या गोष्टीसाठी हाक मारायची लाजही वाटली. पण मागितलं. एकदा तरी खोकू दे त्याला, म्हटलं.

बाहेर दोरी ओढल्याचा आवाज येत राहिला. एक, दोन, पाच, दहा. हेडमास्तर मोजत नव्हते. मशीन एकदाही खोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावयाने मशीन गाडीत घातलं. ह्यांच्या खिशातली स्प्रिंग आणि वॉशरही मागून घेतले. गावाबाहेर कुणी मेकॅनिक होता, त्याच्याकडे गेला, आणि दिवस मावळायच्या आत परत आला. बिचाऱ्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बाबा, ओढा दोरी! ओढा तर!"

ह्यांनी दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला मशीन सुरू झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी दोन पावलं गवत कापलं, दांडा सोडला, मशीन थांबलं. हात स्वच्छच होते, तरी पँटला पुसले.

"छान झालं," ते जावयाला म्हणाले. "पोहोचतं करून आलास का त्यांचं त्यांना?"

"कुणाचं, बाबा?"

हे आत आले. मी ताटं घेत होते. माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि हळूच विचारलं, "आता मी काय करू?"

मी "हात धुवा," म्हटलं. "जेवायला बसा."

त्यानंतर ह्यांनी मशीनला हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंनी अर्धवट सोडलेलं वाक्य पुढच्या चार महिन्यांत आमच्या घरात पुरं होत गेलं. एकदा मी स्वतःच फिल्टरच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले, चादर अंथरली, झाकण डावीकडे ठेवलं, स्पंज त्याच्या शेजारी ठेवला. हाक मारली, "अहो, बघा ना जरा, बिघडलंय." हे आले, वाकून बघितलं. "माझं नाही ते," म्हणाले आणि आत गेले. मी झाकण परत बसवलं. जरा तिरकं बसलं. गवत आता हेडमास्तर कापतात. मोजत नाहीत. मशीन पहिल्या हिसक्यालाच सुरू होतं, मोजायला काही उरलेलं नाही.

परवा दुपारी मी भांडी घासून बाहेर आले तर व्हरांड्यात चादर अंथरलेली. तीच, निळ्या पट्ट्यांची. कपाटातून कधी काढली, कळलं नाही. हे गुडघ्यांवर बसले होते. चादरीवर डावीकडे दाराजवळ छापखान्यातला ह्यांचा खिळे उचलायचा चिमटा होता. मग दाराची किल्ली. मग मनगटी घड्याळ. मग मुलीचा शाळेतला फोटो, फ्रेमसकट. मग मिठाचा डबा. मग ह्यांचा चष्मा. एका ओळीत, मध्ये सारखं अंतर.

मी पुढे गेले नाही. कडेलाच उभी राहिले.

"काय चाललंय?"

"हात लावू नकोस."

"नाही लावत. काय आहे ते?"

ह्यांनी रांगेकडे बघितलं. ओठ हलले. "उलटं वाचायचं," म्हणाले.

मग डबा बोटभर सरकवला, माझ्याकडे मान वर करून बघितलं, आणि चष्म्याच्या उजवीकडे, जिथे चादर रिकामी होती, तिथे तळहाताने थोपटलं.

"तू इथे बस. सगळ्यात शेवटी."

मी चप्पल काढली आणि बसले.

"हलू नकोस हं," हे म्हणाले. "नाहीतर परत जुळायचं नाही."

आत फोन वाजायला लागला. मुलीचा असणार, ती याच वेळेला करते. बराच वेळ वाजला. मी हलले नाही.