प्रकृतीचा रकाना

"शिक्का कुणी मारला तेवढं सांग. बाकी काही विचारत नाही मी."

"घराचा शिक्का आहे. घरातल्या माणसानं मारला."

"अर्ज माझा होता, आई."

"मग? तुझं आडनाव काय वेगळं आहे? लग्न होऊन कुठं गेली होतीस?"

मुळ्याच्या लोणच्याची बशी सासूबाईंनी स्वतःकडे ओढली आणि एक फोड कुडकुड चावत राहिल्या. फुमिए सुगावारा, वय पंचाहत्तर, दात सगळे स्वतःचे. समोर त्यांची मुलगी मित्सुयो, माझी नणंद. शेचाळीस वर्षांची. रविवारची दुपार, भाजलेल्या माशाचे काटे अजून ताटात, आणि ताटांच्या मधोमध कारखान्याचं पाकीट. त्यातून दोन कागद निघाले होते. एक नकाराचं पत्र, 'आपल्या पुढील वाटचालीसाठी आम्ही मनापासून प्रार्थना करतो' असं छापलेलं. दुसरा नोकरीचा अर्ज, खाली सहीच्या जागी आडनावाचा लाल शिक्का. आमच्याकडे माणूस नको असला की अर्ज साभार परत करतात.

"जेवताना कशाला?" माझा नवरा तेत्सुजी म्हणाला. "ताई, झालं ते झालं. दुसरीकडे बघ."

"दुसरीकडेही हीच लिहील."

"लिहीन," सासूबाई म्हणाल्या. "तुला अक्कल येईपर्यंत लिहीन."

वन्संना पहिली फिट आली ती सोळाव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर, सगळ्या रांगांसमोर. सासऱ्यांनी त्याच महिन्यात त्यांना शाळेतून काढलं आणि आपल्या भावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. आमच्या त्सुबामे गावात गल्लीगल्लीत चमचे घासून चकचकीत करायचा धंदा. काकांच्या शेडमध्ये पॉलिशची चाकं फिरायची. चाकापाशी वन्संना कुणी जाऊ दिलं नाही. त्यांनी एकोणतीस वर्षं मागच्या खोलीत चमचे तपासले. चमचा नळीच्या दिव्याखाली तिरका धरायचा, अंगठा फिरवायचा, ओरखडा असला तर डावीकडे, नसला तर उजवीकडे. चष्मा लावून मला दिसत नाही तो ओरखडा त्यांना अंगठ्याला लागतो. तिथं अर्ज नव्हता, रकाना नव्हता. काकांना सगळं ठाऊक होतं आणि गावात कुणाला सांगायचं नाही हेही ठाऊक होतं. गेल्या वसंतात काकांनी शेडला कुलूप लावलं.

गेली नऊ वर्षं वन्संना फिट आलेली नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, बस्स. तरी आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. 'ते' म्हणतात. "ते झालं होतं तेव्हा", "ते लोकांना कळलं तर". घरात भूत पाळल्यासारखं.

रोजगार कार्यालयातल्या कुवाबारा बाईंनी त्यांना मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागातली जागा दाखवली. अर्ज हातानं लिहायचा, शाईनं, खाडाखोड चालत नाही. एक रेघ चुकली की कागद टोपलीत. वन्संनी चार कागद वाया घालवले. पाचव्यावर शेवटचा रकाना आला, 'प्रकृती'. त्या रकान्यात अख्खा देश 'उत्तम' लिहितो. तेत्सुजीनं नव्या नोकरीच्या वेळी लिहिलं होतं, साखर तीनशेच्या घरात असताना. वन्संनी लिहिलं, 'अपस्मार आहे. नऊ वर्षांत झटका नाही. औषध नियमित चालू. कामात अडचण नाही.' मग फोटो चिकटवला, पाकीट बंद केलं आणि सकाळी टाकायला म्हणून चपलांच्या कपाटावर ठेवलं.

सकाळी सासूबाईंनी पाकीट माझ्या हातात दिलं. "भाजीला जातेयस तर टाकून ये." वन्सं दवाखान्यात गोळ्या आणायला गेल्या होत्या. पाकिटाचा डिंक ओला होता. त्याआधी अर्धा तास सासूबाई टेबलाशी पाठ ताठ करून शाईनं काहीतरी लिहीत बसल्या होत्या, तेही मी पाहिलं होतं. मी पाकीट टाकून आले. का, ते पुढं सांगते.

"मुलाखतीत काय झालं ते सांगितलंच नाहीस तू," तेत्सुजी म्हणाला.

"कागद हातात येईपर्यंत थांबले होते. आता ऐक. साहेबानं आधी अक्षराचं कौतुक केलं. मग वाचलं, प्रकृती उत्तम, वा. मी म्हटलं, साहेब, तिथं आणखी लिहिलंय ना? त्यानं कागद माझ्याकडे फिरवला."

"मग गप्प बसायचं!" सासूबाईंनी जेवणाच्या काड्या ताटावर आपटल्या. "नोकरी हातात होती! एवढं करून दिलं तुला, आणि तू तोंड उघडलंस!"

"उघडलं. सगळं सांगितलं. तो बाहेर गेला आणि दुसऱ्या एकाला घेऊन आला. तो दुसरा इतका गोड बोलला म्हणून सांगू. 'आजाराबद्दल आमची काही हरकत नाही हं, कायद्यानं ती घेताही येत नाही. पण अर्जात खोटी माहिती देणारी व्यक्ती तपासणी विभागात कशी ठेवायची?'"

वन्संनी नकाराचं पत्र उलटं करून ठेवलं.

"माझ्या आजारावर त्यांना मला हाकलता आलं नसतं, आई. तुझ्या 'उत्तम'वर आलं."

"तुझा खरा कागद गेला असता तर बोलावलंच नसतं! घासलेल्या चमच्यांच्या गावात राहतेस आणि अजून बाळबोध! डाग दिसला की डावीकडे, तूच टाकतेस ना?"

"टाकते. पण ओरखडा असला तर. दुसऱ्याची चिठ्ठी चिकटवली म्हणून नाही."

"ताई, आवाज खाली," तेत्सुजी म्हणाला. "शेजारी ऐकतील. आणि हे आत्ताच काय उकरायचं? तेवीस तारखेला होनोकाच्या सासरची माणसं यायचीत. त्या लोकांनी चौकशी केली तर? तुझ्या नोकरीपायी माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडू?"

होनोका आमची मुलगी, नागाओकाला असते. पाकीट मी का टाकून आले, ते आता कळलं असेल. मलाही तेवीस तारीख दिसत होती.

"तू घरी बस ना," तो पुढं म्हणाला. "आईकडे बघ. तुला काय कमी आहे इथं?"

"आईकडे बघू? आई दिवसातून तीनदा माझ्या गोळ्या मोजते, मी तिच्याकडे काय बघणार?"

"मोजते, कारण तू विसरतेस!"

"नऊ वर्षांत एकदा तरी विसरले?"

सासूबाईंनी चहा ओतून घेतला, फक्त स्वतःला. "आणि पुरावा काय," त्या शांतपणे म्हणाल्या, "की हे मी लिहिलं? अक्षर तुझं आहे. कुणालाही दाखव."

खरंच होतं ते. लहानपणी वन्संचा हात हातात धरून सासूबाईंनीच त्यांना अक्षरांचा ब्रश फिरवायला शिकवलं होतं. दोघींची अक्षरं शेजारी ठेवली तर मलाही ओळखू येत नाहीत. फोटोसुद्धा वन्संचाच, यंत्रातून चार निघतात, उरलेले खणातच होते.

"तोच तर घोळ आहे," तेत्सुजी म्हणाला. "तू वेगळं लिहिलं होतंस हे कोण मानणार? तो कागद कुठाय?"

"आईला विचार."

"जाळला," सासूबाई म्हणाल्या.

मी उठले. आतल्या खोलीत सासऱ्यांच्या तसबिरीचं देवघर आहे, त्याची धूळ मीच पुसते. उदबत्त्यांच्या खणात, डब्याखाली, तो कागद घडी न घालता ठेवलेला होता. सासूबाईंनी तो फाडला नाही कारण त्यांना तो फाडवला नाही. इतकं सरळ, इतकं देखणं अक्षर, आणि त्यांनीच शिकवलेलं. सहा आठवडे मी तो उचलून, खालची धूळ पुसून, परत ठेवत होते.

मी तो आणून ताटांमध्ये ठेवला.

"यासुए!" नवरा ओरडला. "तुला काय गरज होती?"

"धूळ पुसताना दिसला."

"सून," सासूबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात पंचवीस वर्षांचं सगळं आलं.

वन्संनी माझ्याकडेही प्रेमानं वगैरे पाहिलं नाही. "पाकीट तूच टाकलंस ना?"

"हो."

"माहीत असून?"

"हो."

"बरं." त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चमचा धरतात तसे तिरके धरून एकदा पाहिले आणि पाकिटात घातले. मग ताटं एकावर एक रचायला लागल्या.

"उद्या साडेनऊला रोजगार कार्यालयात तक्रारीची वेळ घेतली आहे. कालच फोन केला. आई, तू माझ्याबरोबर येणार आहेस. कुवाबारा बाईंसमोर कोऱ्या कागदावर माझं नाव लिहायचं, आणि प्रकृतीच्या रकान्यात काय लिहिलंस तेही."

"मी येणार नाही."

"मग त्या बाई इथं येतील, कार्यालयाच्या गाडीतून. गाडीवर दोन्ही बाजूंनी नाव लिहिलेलं असतं. दारात उभी राहील."

सासूबाईंचा पेला खाली आला.

"तेत्सुजी, होनोकाच्या सासरच्यांना तू आज संध्याकाळी सांग. नाहीतर तेवीसला मी सांगीन, चहा देताना." त्यांनी ताटं उचलली. "यासुए, उद्या दुपारी आम्हा दोघींचा भात लावू नकोस."