चौऱ्याहत्तरच्या जागी एकवीस

रामचंद्र बोंगाळेला त्याच्या वडिलांनी दुकानातून काढलं ते १९९१ च्या वैशाखात, ऐन लगीनसराईत. कारण होतं एक ब्लाउजपीस.

बोंगाळ्यांचं कापडदुकान हुबळीच्या बाजारात तीन पिढ्यांचं. मूळचे मिरजेकडचे. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि भांडणात दोन्ही. रामचंद्र माझ्या वर्गातला. मापाला पक्का, हिशेबाला चोख, बोलायला गोड. पण डाळिंबी मागितलं की हा हिरवं काढायचा आणि हिरवं मागितलं की तपकिरी. त्या दिवशी त्यानं एका वरमाईला डाळिंबी इरकलीवर शेवाळी ब्लाउजपीस बांधून दिला. तिनं पुडकं उघडलं ते लग्नाच्या आदल्या दिवशी. मग तिच्यासकट सहा बायका दुकानात आल्या आणि अप्पांना जे बोलल्या ते अर्ध्या बाजारानं ऐकलं.

अप्पा म्हणजे रामचंद्राचे वडील. पोराचं लक्ष नाही यावर त्यांचा आधीपासूनच विश्वास होता आणि लहानपणापासून त्यांनी ते लक्ष कानाखाली वाजवून जागेवर आणायचा प्रयत्न केला होता. आता मात्र त्यांना वेगळी शंका आली. त्यांनी त्याला थेट देशपांडे नगरात डॉ. यलबुर्गींच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी त्याला भिंतीवरच्या तक्त्यापुढं बसवलं. रामचंद्रानं सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ धडाधडा वाचली आणि त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"डोळे एक नंबर आहेत, बोंगाळे," डॉक्टर म्हणाले. "असे डोळे मी वर्षात दोन बघतो."

"मग दोष कुठं आहे?"

"तो वरच्या मजल्यावर. ते माझं खातं नाही."

अप्पांनी कपाळाला हात लावला. रंगांबद्दल कुणी काही विचारलंच नाही. डॉक्टरांना त्याच आठवड्यात एक सहायक हवा होता, अक्षर बरं असलेला आणि कन्नड-मराठी दोन्ही येणारा. अप्पांनी मुलगा तिथंच ठेवला आणि एकटे दुकानात परत गेले. अशा रीतीनं रामचंद्र नेत्रतपासणीच्या क्षेत्रात आला.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याच्या हातात एक पुस्तक दिलं. नोकरीसाठी दाखला लागणारे उमेदवार यायचे. कुणाला ड्रायव्हर व्हायचं होतं, कुणाला पोलीस. त्यांना रंग ओळखता येतात का, हे या पुस्तकावरून ठरायचं. पानापानावर रंगीत ठिपक्यांची वर्तुळं आणि ठिपक्यांत लपलेला एक आकडा. शेवटच्या पानावर उत्तरं होती, दोन रकान्यांत: निर्दोष नजरेला काय दिसतं आणि सदोष नजरेला काय दिसतं.

उमेदवार यायच्या आधी रामचंद्रानं पुस्तक चाळलं. तीन, सत्तर, एकवीस. मग उत्तरं पाहिली. आठ, एकोणतीस, चौऱ्याहत्तर. छपाई चुकली असेल असं समजून त्यानं पुन्हा पाहिलं. मग शेजारच्या रकान्यावर नजर गेली. त्याची झाडून सगळी उत्तरं तिथं ओळीनं छापलेली होती.

मला त्यानं हे पुढं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. म्हणाला, "शंकर, बावीस वर्षं मी वेंधळा होतो. आणि तिथं एका ओळीत लिहिलं होतं की मी वेंधळा नाही. रडावं की पेढे वाटावेत, कळेना. तेवढ्यात बाहेरून पहिला उमेदवार आत आला."

त्यानं पेढे वाटले नाहीत. एका नोकरीवरून याच कारणासाठी काढला गेला होता. दुसरीवरूनही तसाच जायची त्याची तयारी नव्हती. दोन दिवसांत त्यानं पहिला रकाना पानांच्या क्रमानं पाठ केला. उमेदवारापुढं पुस्तक धरायचं, स्वतः रजिस्टरकडं बघायचं, उत्तर ऐकायचं आणि जुळलं की बरोबरची खूण, नाही जुळलं की फुली. चेहरा कोरा. उमेदवार अडखळला तरी हा गप्प. कुणी काकुळतीला आला, "साहेब, जरा इशारा तरी," म्हणाला, तरी हा गप्प. देणार कुठून? आकडा पाठ होता, पण तो ठिपक्यांत कुठं आहे हे याला स्वतःलाच दिसत नव्हतं.

या गप्प राहण्याचा बघता बघता दबदबा झाला. "देशपांडे नगरातला रामण्णा पुस्तकाकडं बघतसुद्धा नाही," लोक सांगायचे. "नुसत्या आवाजावरून ओळखतो." डॉ. यलबुर्गी पाहुण्यांना दारातून आत नेऊन हे दृश्य दाखवायचे. "अनुभव," ते हळूच म्हणायचे.

घरी हे फक्त त्याच्या बायकोला, सुलभावहिनींना ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यानं त्यांना मोरपंखी म्हणून जी साडी आणली ती जांभळी निघाली. वहिनींनी आरडाओरडा केला नाही. कपाटातले त्याचे शर्ट रंगाप्रमाणे लावले, आतून कॉलरला दोऱ्याची खूण केली आणि बाजारात टोमॅटो आणायला स्वतः जाऊ लागल्या.

अशी बारा वर्षं गेली.

२००३ मध्ये बेंगळूरच्या एका दृष्टितपासणीच्या कॉलेजातून शीतल उपाध्ये नावाची मुलगी आली. मूळची बेळगावची, संशोधन करणारी. तिचा विषय होता रंगदृष्टीची तपासणी कितपत भरवशाची असते आणि तपासणाऱ्या माणसाचा तिच्यावर किती परिणाम होतो. त्यासाठी तिनं हुबळी-धारवाडमधली पाच केंद्रं निवडली होती. तिच्याबरोबर कॉलेजातली बारा मुलं होती. त्यांतल्या सहांना रंगांचा दोष होता, सहांना नव्हता. कोण कुठला ते फक्त तिला ठाऊक. ही बाराजणं उमेदवार म्हणून प्रत्येक केंद्रात जाणार होती.

"पण त्याआधी," शीतल म्हणाली, "तपासणाऱ्यांचे स्वतःचे डोळे तपासायचे आहेत."

डॉ. यलबुर्गी खूश झाले. "आमच्या रामण्णापासून सुरुवात करा. बघाच तुम्ही."

शीतलनं पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं. पानं सुटी करून तिनं त्यांचा क्रम बदललेला होता. रामचंद्रानं ते पाहिलं आणि दाराकडं बघितलं. पळायला दार एकच होतं आणि त्यात डॉक्टर उभे होते.

शीतलनं पहिलं पान धरलं. आता खोटं बोलायचं तर काय बोलायचं, तेही ठाऊक नव्हतं. त्यानं जे दिसलं ते सांगितलं.

"एकवीस."

शीतलनं नोंद केली. पुढचं पान.

"सत्तर."

"अरे, काय रामण्णा!" डॉक्टर हसले. "पाहुण्यांची चेष्टा करतोय तो. स्वभावच तसा आहे."

"तीन," रामचंद्र म्हणाला.

डॉक्टरांचं हसू थांबलं. शीतलनं आणखी एक पान पुढं केलं.

"पाच."

"पाच? कुठं आहे पाच?" डॉक्टर पुढं वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पान खिडकीकडं वळवलं. "अल्ल री, इथं काहीच नाही. नुसते ठिपके आहेत!"

"तुम्हाला दिसणार नाही, डॉक्टर," शीतल शांतपणे म्हणाली. "हे पान तसंच बनवलेलं आहे. निर्दोष नजरेला इथं काही दिसत नाही. यांच्यासारख्यांनाच पाच दिसतो."

पस्तीस वर्षं डोळे तपासणाऱ्या माणसाला आपल्या कंपाउंडरला दिसतं ते आपल्याला दिसत नाही हे एकदम पचलं नाही. ते पुन्हा एकदा पानाकडं वाकले. मग त्यांना आतापर्यंत दिलेले दाखले आठवले आणि ते खुर्चीत बसले.

"बारा वर्षं," ते म्हणाले. "बारा वर्षं माझी सही आहे त्यावर! दार लाव रे आधी."

रामचंद्र दार लावायला गेला. स्वतः बाहेर राहायचं की आत, हे न कळून उंबऱ्यात उभा राहिला. शीतलनं त्याला आत घेऊन दार लावलं. तिनं त्याला आजोळचं कुणी असं होतं का, विचारलं. हा दोष बहुधा आईकडून येतो, आईला स्वतःला तो नसतो, असं समजावलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही रोज जसं तपासता तसंच माझ्या बाराजणांना तपासा. तुमच्याच पुस्तकावर. मला बघायचंय."

त्यानं तपासलं. नजर रजिस्टरवर, चेहरा कोरा. बारापैकी बारा बरोबर. सहा पास, सहा नापास, एकही इकडचा तिकडं नाही.

मग शीतल बाकीच्या चार केंद्रांत गेली. तिथल्या परीक्षकांचे डोळे निर्दोष होते आणि अंतःकरणं कोमल. एकानं अडखळलेल्या मुलापुढं आकड्यावरून बोट फिरवून दाखवलं. दुसऱ्यानं विचारलं, "सात आणि पुढं चार, असं काहीसं दिसतंय ना?" तिसऱ्यानं मुलाचं गाव विचारलं, ते त्याच्या मेहुण्याचं गाव निघालं. चौथा उत्तर बरोबर येईपर्यंत मान हलवत राहायचा. सहा सदोष मुलांपैकी कुठं चार पास झाली, कुठं पाच.

शीतल परत आली ती उड्या मारतच. "काका, आमच्या संशोधनात परीक्षकाकडून उमेदवाराला इशारा जाऊ नये म्हणून किती खटपटी करतात ठाऊक आहे? पडदे लावतात, पाकिटं सील करतात. तुमच्याकडं ते जन्मतःच आहे."

हे ऐकताच डॉक्टरांनी दार उघडलं. "ही पद्धत आमच्याकडं एक्याण्णवपासून आहे," असं ते त्याच संध्याकाळी कोप्पीकर रोडवरच्या चष्मेवाल्याला सांगत होते.

सुलभावहिनींनी मात्र नवऱ्याला वेगळं सांगितलं. "आधी अप्पांना सांगा. बाकी जग नंतर."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामचंद्र दुकानात गेला. गादीवर अप्पा होते, काउंटरवर धाकटा भाऊ किरण आणि समोर चार गिऱ्हाइकं. उभ्या उभ्याच त्यानं सांगून टाकलं.

अप्पा बराच वेळ हातातल्या कापडाची घडी घालत बसले. घडी झाली तरी पुन्हा मोडून घालू लागले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझं लक्ष होतं?"

"होतं, अप्पा."

"मी मारायचो तेव्हापण?"

"तेव्हापण."

अप्पांनी घडी बाजूला ठेवली. "आमच्याकडून आलंय का हे?"

"नाही. आईच्या वडिलांकडून."

एवढं ऐकलं आणि अप्पा सावरले. इचलकरंजीला सूत रंगवणारे त्यांचे सासरे बाजारात प्रसिद्ध होते. त्यांच्यासारखा हिरवा दुसऱ्या कुणाला जमत नाही असं लोक म्हणायचे. "तो हिरवा नव्हताच!" अप्पा ओरडले. "मी तेव्हाच म्हणत होतो!" आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोला माहेरावरून बोलायला दुकान अर्ध्यावर सोडून घर गाठलं. ते गेल्यावर गिऱ्हाइकांनी रामचंद्राला घेरलं. एकेक ठाण पुढं करून, "हा कुठला दिसतो? आणि हा?" करत त्यांनी दुपार केली. किरणनं त्या गर्दीत सात साड्या विकल्या.

वर्षभरानं शीतलचा शोधनिबंध छापून आला. त्याची प्रत तिनं पाठवली, सोबत एक चिठ्ठी होती: "काका, मला माफ करा. मी खूप भांडले." तिच्या मार्गदर्शकांनी पाचवं केंद्र वगळलं होतं. परीक्षकच सदोष असल्यामुळं तिथली माहिती ग्राह्य धरता येत नाही, असं तळटिपेत लिहिलं होतं. निष्कर्ष शेवटी होता, ठळक अक्षरांत. रंगदृष्टी तपासणाऱ्याची स्वतःची रंगदृष्टी निर्दोष असणं अत्यावश्यक आहे.

रामचंद्रानं ते दोनदा वाचलं. "बरोबर लिहिलंय की," म्हणाला. त्याला खरोखरच तसं वाटलं की तो हसत होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी शास्त्राचा मान राखला. निर्दोष नजरेची हेमावती नावाची परिचारिका त्यांनी रंगतपासणीला बसवली. हेमावतीचा स्वभाव फार मायाळू. गरीब घरचं पोर नोकरीला मुकू नये म्हणून ती अगदी अखेरपर्यंत धीर द्यायची. पहिल्या सहा महिन्यांत तिच्या हातून कुणीच नापास झालं नाही. पार रायापूरपासून उमेदवार येऊ लागले आणि दवाखान्यात बसायला जागा मिळेना.

रामचंद्राकडं जवळच्या चष्म्यांचं काम आलं. शनिवारच्या सकाळी मात्र त्यानं मागून घेतल्या. डॉक्टरांनी दवाखान्याच्या नावाचा कापडी फलक बरोबर नेण्याच्या अटीवर होकार दिला. मग तो शाळाशाळांतून जायचा. दोष सापडलेल्या मुलांना नापास म्हणायचं नाही, हा त्याचा नियम. तो बाईंना बाजूला घेऊन सांगायचा, "याच्या रंगीत खडूंवर नावं लिहा. आणि झाडाची पानं तपकिरी रंगवली तर मारू नका."

एका शाळेत पंच्याण्णव मुलांत त्याला चौघं सापडली. चौघांची नावं त्यानं वर्गशिक्षिकेला दिली, प्रत्येकाच्या आईबापांना द्यायच्या चिठ्ठ्या लिहिल्या. निघताना मुख्याध्यापकांनी शेरेबुकात लिहिलेलं त्याला दिसलं: "आज मुलांचे डोळे तपासले. सर्व उत्तम."

"सर, चौघांना रंग कळत नाहीत," रामचंद्र म्हणाला.

"अहो, पण दिसतं ना त्यांना?" मुख्याध्यापक म्हणाले. "वर अहवाल जातो आमचा. चार म्हटलं की साहेब चार पत्रं पाठवतात."

रामचंद्रानं खिशातलं पेन काढलं, शेरेबुक आपल्याकडं वळवलं आणि सरांच्या सहीच्या वर, दोन ओळींच्या मधे, मुलांची चारही नावं नीट अक्षरात लिहिली.

"कुठल्या शाईनं लिहिलंत?" मुख्याध्यापक घाबरून म्हणाले. "लाल शाई फक्त साहेब वापरतात हो!"

"लाल आहे का ही?" रामचंद्रानं विचारलं, आणि पेन खिशाला लावून तो पुढच्या शाळेकडं निघाला.