चिकूच्या वाडीसाठी जमीन बघणारा

तो गुरुवार आठवला की अजून माझे कान तापतात.

गुप्तवार्ता खात्यात मी वरच्या खुर्चीपर्यंत पोहोचलो ते एकाच गुणावर. कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाही. सांगणाऱ्याचं नीट ऐकून घ्यायचं, मग त्याच्या माघारी तेच दुसऱ्याकडून काढायचं, तेही भलत्याच विषयावर गप्पा मारता मारता. निवृत्त होऊन डहाणूजवळ मसोलीत राहायला आलो, पण ही खोड काही दिल्लीत राहिली नाही.

मुलीनं लग्न ठरवलं. मुलगा तलासरीकडच्या डोंगरातला, शेतकऱ्याच्या घरचा, तिच्याच शाळेत शिक्षक. घर, शेती, माणसं, सगळं तिनं आपणहून सांगितलं. रविवारी आपण दोघं रीतसर जाऊ, म्हणाली. मी बरं म्हटलं आणि गुरुवारी गुपचूप एकटाच निघालो.

डहाणू रोडला जीपमध्ये बसतानाच मी नाव बदललं होतं. चिकूची वाडी करायला जमीन बघतोय, असं मुलाच्या गावातल्या टपरीवर सांगितलं आणि चहा पिता पिता त्या घराची भांडणं, दारू, कोर्टकचेरी उकरू लागलो. काहीच निघेना. शेवटची काही वर्षं मी अशा कामाला दुसऱ्यांना पाठवत असे. आता स्वतः करताना लाज वाटायला हवी होती. मला चक्क मजा येत होती.

मग सरळ त्यांच्याच घरी गेलो. मुलाची आई अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं पाणी दिलं, जमिनीची माझी थाप शांतपणे ऐकली आणि जेवायला बसवलं. भाकरी, उडदाची आमटी, भाजलेली सुकी मासळी. मी आडून आडून विचारत होतो, ती सगळं सांगत होती. पोरगा लहानपणी तापट होता, आता निवळलाय, हे तर मी विचारायच्या आधीच सांगून मोकळी झाली. इतकं सोपं माणूस उभ्या नोकरीत भेटलं नाही, असं मनाशी म्हणत मी भाकरी मोडत होतो. काय हा शहाणपणा!

“व्याही, अजून एक घ्या,” ती म्हणाली.

घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडे न बघता भाकरी वाढली.

“तुमच्या पोरीचा फोन आलेला. म्हणे, रविवारच्या आधी बाबा एकटेच येतील, दुसरंच नाव सांगतील. त्यांना हसू नका, इचारतील ते सांगा. आन् जेवल्याबिगर सोडू नका.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताटावरून उठायचीही सोय नव्हती. मान खाली घालून मी ती भाकरी संपवली.