तिघी बेर्ग्सदोत्तिर आणि एक रिकामा रकाना

स्टेनव्होरने उभी हयात स्टिक्किशोल्मुर या बंदरगावाच्या टपाल कचेरीत शिक्के मारण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर इतर बायकांनी विणकाम काढलं, हिने विद्यापीठात नाव घातलं. विषय निवडला आयडर बदकांचा. ही बदकं घरट्यात आपली मऊ पिसं अंथरतात, आणि ती वेचून दुलया भरणं हा तिच्या माहेरचा पिढीजात धंदा. बदकांनी आपल्याच बेटावर यावं म्हणून माणसं काय काय उपद्व्याप करतात, यावर तिने प्रबंध लिहिला.

माहितीसाठी लांब जायची गरज नव्हती. थोरली बहीण सोलरून आणि धाकटी स्वानबोर्ग माहेरच्या बेटावरच होत्या. फक्त एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका वसंतात सोलरूनने बदकांसाठी रंगीत पताका लावल्या, स्वानबोर्गने रेडिओ लावला, आणि बदकं शेजारच्या बेटावर निघून गेली. तेव्हापासून अबोला. स्टेनव्होरने दोन स्वयंपाकघरांत दोनदा कॉफी पिऊन दोघींच्या मुलाखती घेतल्या.

तिचा मार्गदर्शक क्येतिल म्हणाला, "स्टेनव्होर, याचा लेख करून परदेशी नियतकालिकाला पाठव. फक्त संदर्भ त्यांच्या नियमांत बसव."

नियम वाचून तिला घेरी आली. कुठे स्वल्पविराम, कुठे टिंब, कुठे तिरपं अक्षर! मग क्येतिलनेच एक संकेतस्थळ दाखवलं. लेख टाकायचा, बटण दाबायचं. क्षणात सगळं इस्त्री केल्यासारखं होऊन आलं. खूश होऊन तिने न तपासताच लेख धाडला.

महिन्याभराने परीक्षकाचं उत्तर आलं. 'एस. बेर्ग्सदोत्तिर ही साक्षीदार भरवशाची वाटत नाही. एका पानावर ती म्हणते, पताकांशिवाय बदक येत नाही. पुढच्याच पानावर म्हणते, पताका लावणारी बाई बावळट आहे. वयोमानाने तिची स्मरणशक्ती गेली असावी. शिवाय लेखिकेचं नावही तेच. ती स्वतःचीच मुलाखत घेते काय?'

क्येतिल इतका हसला की कॉफी नाकात गेली.

"हसतोस काय मेल्या!" स्टेनव्होर कडाडली.

झालं होतं असं, की यंत्राने वडिलांचं नाव आडनाव समजून पुढे घेतलं, मूळ नावाचं एक अक्षर ठेवलं, आणि तिघी सारख्याच दिसल्यावर दोघींना 'पुनरुक्ती' म्हणून पुसून टाकलं.

तिने संकेतस्थळाच्या मदतकक्षाला लिहिलं, 'माझ्या दोन्ही बहिणी नाहीशा झाल्या आहेत.'

उत्तर आलं, 'ऐकून वाईट वाटलं. कृपया पोलिसांशी संपर्क साधा.'

'अहो, तुमच्या यंत्राने नाहीशा केल्यात! बेर्ग्सदोत्तिर म्हणजे बेर्गुरची मुलगी. ते आडनाव नव्हे.'

'मग त्या रकान्यात आपलं आडनाव भरावं.'

'आम्हाला आडनावच नसतं.'

'हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.'

तिने संगणक मिटला आणि दोघी बहिणींना फोन करून घडलेलं सांगितलं, घरी बोलावलं. दुसरी येणार हे मात्र दोघींनाही सांगितलं नाही. दोन होड्या धक्क्याला लागल्या, दोघी फणकारत स्टेनव्होरच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि एकमेकींना पाहून दारातच थबकल्या.

"मला आणि ह्या रेडिओवालीला एक केलं?" सोलरून स्टेनव्होरकडे बघत म्हणाली.

"हिच्या तोंडची मुक्ताफळं माझ्या नावावर?" स्वानबोर्ग भिंतीला म्हणाली.

स्टेनव्होरने परीक्षकाचं स्मरणशक्तीचं वाक्य वाचून दाखवलं.

"स्मरणशक्ती गेली? माझी?" सोलरून उसळली. "अगं स्वानबोर्ग, ऐकतेस ना?"

"ऐकतेय तर! लिही गं स्टेनव्होर. म्हणावं, आम्ही दोघी ठणठणीत आहोत आणि आमचं एकमेकींशी मुळीच पटत नाही."

"अजिबात पटत नाही, असं लिही," सोलरून म्हणाली.

"तेच सांगतेय मी!"

टेबलावरचे पॅनकेक संपेस्तोवर दोघींनी मिळून उत्तर सांगितलं. त्यातले चार शब्द स्टेनव्होरने हळूच गाळले, छापण्याजोगे नव्हते. संपादकाने माफी मागितली आणि तिघींची नावं अख्खी छापली.

पदवीदानाला दोघी पहिल्या रांगेत शेजारी बसल्या आणि इतक्या वर्षांचं साचलेलं बोलत सुटल्या. मागच्या बाईने दोनदा शुक् शुक् केलं. मंचाजवळ उभ्या स्टेनव्होरला त्या कलकलाटात आपलं नाव पुकारलेलं ऐकूच आलं नाही. शेवटी क्येतिलनेच तिला कोपर मारून पुढे ढकललं.